दहा बोटं आणि मीटरवरचा टोप

मामा,

तुम्हाला न्यायच्या आधी मामीने तुमच्या बाह्या वर चढवल्या. कुणीतरी घाईघाईत नवा पांढरा सदरा आणला होता, पूर्ण बाह्यांचा. मामीने तो पाहिला, तुमचा एकेक हात मांडीवर घेतला आणि बाही घट्ट दुमडत कोपराच्या वर नेली. "असा सदरा त्यायनं कधी घातला काय?" एवढंच म्हणाली. आदिलाबादच्या थंडीतही तुमच्या सगळ्या सदऱ्यांच्या बाह्या तिनेच कापलेल्या असत, लोंबणारं कापड मशीन ओढून घेते म्हणून.

त्यामुळे तुमचे हात उघडे राहिले, आणि त्रिसरण म्हणायला जमलेल्या सगळ्या माणसांनी ते पाहिले. दहा बोटं. माझ्या मागे लाकूड कापायच्या आरामशिनीतला कुणीतरी हळूच म्हणाला, "नशीबवान माणूस. बारा वर्षं स्पिंडलवर, अन् बोटं पुरी."

दुसरा म्हणाला, "नशीबच म्हना. नाईतर ते मशीन कोनाले सोडते?"

ती बोलायची जागा नव्हती. आता बोलते. मामा, तुमची दहा बोटं नशिबाने राहिली हे मला मान्य नाही, आणि इचोड्यात कुणी पुन्हा तसं म्हणालं तर मी तिथल्या तिथे त्याला अडवणार आहे.

तुम्ही गेलात ते मशीनमुळे नाही. बसस्टँडवर चहा घेताना छातीला हात लावून बसलात आणि उठला नाहीत. तुमच्या खिशात तंबाखूची डबी होती आणि चिनीमातीचे तीन पांढरे फ्यूज होते. डॉक्टरने ते मामीच्या हातात दिले तेव्हा हे काय आहे ते त्याला कळेना. मामीला कळलं. मला कळलं. त्या तीन फ्यूजांवरून पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण आधी मागचं.

हे दुसरेही वाचतील, म्हणून त्या स्पिंडल मशीनबद्दल सांगते. तुम्हाला नाही, त्यांना. लोखंडी टेबल, मधोमध भोक, भोकातून वर आलेला उभा दांडा, दांड्यावर बसवलेली दोन धारदार पाती. बटण दाबलं की दांडा इतक्या वेगाने फिरतो की पाती दिसतच नाहीत, नुसतं धुकं दिसतं. सागवानाच्या चौकटीला गोलाई, दाराला नक्षीची कड, खिडकीला खाच, सगळं त्या धुक्यापुढे लाकूड सरकवून निघतं. लाकूड सरकवायचं हाताने. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरून ट्रकांत भरून गेलेली किती दारं तुमच्या हातांखालून गेली असतील.

तुमच्या आधी त्या मशीनवर किसनमिस्त्री होते. एके दिवशी वीज गेली. मशीन हळूहळू थांबली. किसनमिस्त्रींनी बटण तसंच चालू ठेवलं आणि पात्यांत अडकलेला भुसा काढायला हात घातला. आपल्याकडे सगळे असंच करतात. वीज गेली की ती आता तासभर येत नाही असं सगळ्यांना वाटतं. ती दोन मिनिटांत आली. तीन बोटं गेली.

त्यावर आरामशिनीने काय केलं? दसऱ्याला मशीनपुढे बोकड कापला. मशीनला रगत पाहिजे असतं, आपण दिलं नाही तर ती आपल्या हाताने घेते, असं ठरलं. दांड्याला लिंबू-मिरची बांधली. तुम्ही तेव्हा तिथे ओंडके उचलायचात, हमाल म्हणून. तुम्हीच ते लिंबू सोडलं आणि फेकून दिलं. सगळे अंगावर आले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "फिरत्या दांड्याले काई बांधाचं नसते. ते लिंबू सुटून कोनाच्या डोळ्यात गेलं तर त्यालेबी बोकड कापसान काय?" आणि मग, "त्याले रगत नको बाप्पा, तेल पाहिजे. कोनी पाजलं काय?"

शेठला माणूस हवाच होता. दोन महिने कुणी स्पिंडलला हात लावत नव्हतं. तुम्ही म्हणालात, मी करतो. शेठने तुम्हाला हात पुढे करायला लावले, उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "दसों उंगलियाँ? तो फिर काम कब किया?"

ही आपल्या भागातली रीत. आरामशिनीत माणूस ठेवताना त्याची बोटं पाहतात. एखादं तुटलेलं असेल तर तो जुना, मुरलेला. सगळी असतील तर तो कच्चा. बोट तुटणं म्हणजे सर्टिफिकेट. त्यातून तुम्ही ना सुताराच्या घरचे, ना वडिलांची रंधा-पटाशी पाहिलेले. आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले, तुम्ही ओंडके वाहिले. पहिलं वर्षभर तुम्हाला 'दसबोट्या' म्हणत. तुम्ही हसत ओ देत होता.

त्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे होते. आठवीची परीक्षा झाली होती. आमच्या गावी, बेल्याला, घरात बाबांची पत्रकांची ट्रंक होती; त्यातली पत्रकं वाचत मी वाचायला शिकले. सभांची, मोर्च्यांची, शाळा मागणाऱ्यांची पत्रकं. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मी 'अ आ इ'च्या आधी ओळखत होते म्हणा ना. तुम्हाला ते माहीत होतं. म्हणून एक दिवस तुम्ही ग्रीसने माखलेली चार पानं माझ्यापुढे टाकलीत. मशीनबरोबर आलेली माहितीपुस्तिका. कुणीतरी तिच्यात नट-बोल्ट बांधून ठेवले होते.

"पोरी, हेबी पत्रकच हाये. वाच."

ती इंग्रजीत होती. मी बाबांचा शब्दकोश मागवून घेतला. एका पानाला दोन दिवस लागले. लाकूड पात्यांच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने द्यावे, हे वाक्य मी तीनदा वाचलं तेव्हा तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "बराबर. बैलाले समोरूनच चारते ना मानूस? मागून चाराले जाशीन तर लाथच भेटन." उलटं दिलं तर पातं लाकूड हिसकावून घेतं आणि लाकडामागे हात जातो, हे मला त्या दिवशी कळलं आणि तुम्हाला बारा वर्षं पुरलं.

तिसऱ्या पानावर चित्र होतं. पात्यांवर एक अर्धगोल लोखंडी टोप बसवलेला, चार बोल्टांनी टेबलाला घट्ट. मी म्हटलं, "हे काय हो मामा? आपल्या मशीनवर तर नाही."

तुम्ही ती पानं खिशात घातलीत. मग मला सायकलवर मागे बसवून भर उन्हात आरामशिनीत नेलंत. दारातल्या विजेच्या मीटरवर, भिंतीला खिळे ठोकून, तोच टोप लावलेला होता. मीटरला पाऊस लागू नये म्हणून.

शेठ खुर्चीत बसून होता. तुम्ही पुस्तिका त्याच्यापुढे धरलीत. त्याने चित्र पाहिलं, मीटरकडे पाहिलं. तो खोटं बोलला नाही, हे मी त्याच्या बाजूने नोंदवते. म्हणाला, "हाँ, वही है। पर मीटर जल गया तो बिजलीवाले महीना लगाते हैं। तुम सँभालके काम करो।"

तुम्ही "ठीक हाये" म्हणालात. दोन रविवार बसून सागवानाच्या तुकड्यांचा आणि जाळीचा टोप घरीच बनवलात, आणि सोमवारी मशीनवर बसवलात. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला. पुढे वाढत गेले तसा मला त्याच गोष्टीचा राग येत गेला.

तुमचं काम पाहायला मी सुट्टीत येत राहिले. तुम्ही पात्यांची जोडी सोनाराकडे नेत होता. धार लावून झाली की सदऱ्याच्या खिशात फडक्यात गुंडाळलेली दोन पाती, आणि सोनाराच्या काट्यावर एका पारड्यात एक, दुसऱ्यात दुसरं. गुंजभर फरक असला तरी घासून सारखं. एक जड असलं की दांडा थरथरतो, आणि थरथरता थरथरता पातं सुटून बंदुकीच्या गोळीसारखं जातं. सोनार चिडवायचा, "मिस्त्री, मंगळसूत्र कधी घडवता मंग याचं?" तुम्ही म्हणायचात, "हेच आमच्या बायकोचं मंगळसूत्र हाये."

बटण दाबायच्या आधी फ्यूज बाहेरच ठेवून दांडा हाताने एक पूर्ण फेरी फिरवायचा; कुठे घासतं का, नट आवळला का, पाना टेबलावर राहिला का, ते पाहायचं. एका वेळी ज्वारीच्या दाण्याएवढंच लाकूड काढायचं, हवं तर तीन वेळा. वीतभरापेक्षा लहान तुकडा कधी हाताने द्यायचा नाही, फर्म्यात, म्हणजे लाकडी साच्यात, अडकवून द्यायचा. लाकडाच्या रेषेत स्वतः उभं राहायचं नाही, मागे दुसऱ्याला उभं राहू द्यायचं नाही. वीज गेली किंवा पातं बदलायचं झालं की तिन्ही फ्यूज काढून खिशात. "बटनावर भरोसा नाई, खिशावर हाये," तुम्ही म्हणायचात. दोनदा तुम्ही ते खिशात घेऊनच घरी आलात आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पोचेपर्यंत सगळी आरामशीन अडून राहिली. शेठने आईबहीण काढली. तुम्ही म्हणालात, "गाली फुकट हाये शेठ, बोट नाई."

आणि ती तंबाखू. बटण बंद केल्यावरही दांडा बराच वेळ फिरत राहतो, आवाज न करता. सगळ्यात जास्त हात तेव्हाच जातात, मशीन बंद झाली असं वाटून. तुम्ही बटण बंद केलं की डबी काढायचात, तंबाखू तळहातावर घ्यायचात, चुना लावून मळत राहायचात. दांडा पुरता थांबेपर्यंत मळायचात. मी तंबाखूवर तुमच्याशी किती भांडले. तुम्ही म्हणायचात, "दोनी हात गुतले पाहिजेन पोरी. रिकामा हातच मरते." छाती धरून बसलात तेव्हा मला आधी त्या डबीचाच राग आला. अजून येतो. पण त्या डबीनेच दहा बोटं राखली, हेही लिहिलं पाहिजे.

आता आपलं भांडण.

मी बावीस वर्षांची झाले, बेल्याला शिकवायला लागले, आणि आम्ही चौघा मित्रमैत्रिणींनी मिळून एकपानी पत्रक काढायला सुरुवात केली. पहिलंच मी किसनमिस्त्रींवर लिहिलं. त्यांच्या तुटलेल्या बोटांचं वर्णन केलं, शोषण हा शब्द सहा वेळा वापरला. तुम्हाला नेऊन दिलं. तुम्ही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलंत आणि विचारलंत, "किसनले ईचारलं होतं काय?"

मी विचारलं नव्हतं.

"बोटं त्याचे गेले, अन् खाली नाव तुह्यं छापून आलं," तुम्ही म्हणालात. नंतर म्हणालात, "हे वाचून उद्या एकाचं बोट वाचन असं यात काई हाये काय? मी सांगतो ते लिही." आणि तुम्ही नऊ नियम सांगितलेत. मी ते वहीत उतरवून घेतले आणि छापले नाहीत.

कारण सांगितलं होतं, पुन्हा सांगते. नियम कामगाराला सांगितले की चूक कामगाराची ठरते. हात गेला की शेठ म्हणणार, बघा, पत्रकात लिहिलं होतं, यानेच पाळलं नाही. माझं म्हणणं होतं, पहिली ओळ एकच पाहिजे: टोप मीटरवरून काढून मशीनवर बसवा. तुम्ही म्हणत होता, टोप येईल तेव्हा येईल, हात तर आज मशीनपाशी आहे. मी म्हणत होते, तुम्ही घरून टोप नेऊन शेठला मोकळं केलंत. तुम्ही म्हणत होता, मग काय, टोपाची वाट पाहत बोटं देऊ?

शेवटच्या वेळी मी दारात उभी राहून म्हणाले, "तुम्ही शेठचं काम फुकटात करता, मामा. त्याला तुमच्यासारखीच माणसं पाहिजेत."

तुमचा चेहरा उतरला. मग तुम्ही म्हणालात, "ठीक हाये बाई. चहा घेशीन?"

मी बस चुकेल म्हणून निघून गेले. बस चुकणार नव्हती. तो चहा मी घ्यायला हवा होता.

तुम्हाला नेल्याच्या तिसऱ्या दिवशी आरामशिनीतून माणूस आला. त्याने एक पोतं आणलं होतं. तुमचं सामान, म्हणाला. पोत्यात तुमची पटाशी होती, चष्म्याचं जुनं घर होतं, आणि तुम्ही बनवलेला टोप होता. सागवानाचा, जाळीचा. बारा वर्षांत तुमच्या हाताच्या घामाने एका बाजूने काळा झालेला.

मामी म्हणाली, "हा कहाले आणला? हा तं मशीनचा."

"शेठ म्हणे मिस्त्रीच्या घरचा हाये, घरी द्या. नवा मानूस आला, राजन्ना. त्याले नाई लागत." मग चाचरत म्हणाला, "अन् फ्यूज मागतले. काम बंद हाये. दुसरे आनाले आदिलाबादले जा लागते."

मामी उठली. उंबऱ्याबाहेर पाय टाकायचे दिवस नव्हते असं शेजारणी म्हणत होत्या. मामीने फ्यूज पदरात बांधले. "मी आनून देतो म्हना," ती म्हणाली. मी तिच्यामागे निघाले.

राजन्ना स्पिंडलपाशी उभा होता. मंचेरियालकडचा, चाळिशीचा, शांत माणूस. डाव्या हाताची करंगळी नव्हती. म्हणजे शेठने हात पाहूनच घेतला होता. मशीनवर पाती बसवलेली, उघडी. टोपाच्या जागी चार रिकामी भोकं.

शेठ उठून उभा राहिला, हात जोडले, तुमच्याबद्दल दोन शब्द चांगले बोलला. मला वाटतं मनापासून बोलला. मग पदराकडे पाहू लागला.

मी बोलणार होते. मी वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, शोषण या शब्दासकट. पण मामीच पुढे झाली आणि मीटरकडे बोट दाखवून म्हणाली, "पयले ते काढा."

शेठला कळलं नाही असं नाही. "भाभी, वो लकड़ीवाला ही लगा दो ना। मिस्त्री के हाथ का है।"

"त्यायच्या हातचा हाये म्हनूनच घरी राह्यन. तुमचा तुमी लावा."

"अरे, मीटर का क्या? बारिश आई तो?"

मामीने त्याच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीच्या पाठीला त्याची काळी छत्री टांगलेली होती. "त्याले तुमची छत्री द्या," ती म्हणाली.

आरामशिनीत कुणीतरी फिसकन हसलं. शेठ राजन्नाकडे वळला, "तू काम शुरू कर, फ्यूज मैं देखता हूँ।"

मामा, या ठिकाणी सगळं राजन्नावर येऊन थांबलं होतं. आम्ही दोघी घरी जाणार होतो. त्याला तिथे राहायचं होतं. त्याला येऊन दोन दिवस झाले नव्हते. त्याने मशीनकडे पाहिलं, मग मीटरकडे, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. कोपऱ्यातली पक्कड उचलली, स्टूल ओढलं, त्यावर चढला आणि मीटरवरचे खिळे उपटायला लागला. आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाला, "पहले टोप, शेठ। फिर फ्यूज।"

गंजलेला होता. घासायला तास गेला. बारा वर्षं वापरला नव्हता तरी चारही बोल्ट बरोबर बसले. तो त्याच मशीनसाठी बनलेला होता. राजन्नाने दांडा हाताने एक फेरी फिरवला. मी त्याला सांगितलं नव्हतं. मग मामीने पदराची गाठ सोडली.

तुमचा टोप आता तुमच्या फोटोखाली आहे. मामी रोज पुसते.

आणि पत्रक निघालं, या वेळी दोन पानांचं. पहिल्या पानावर तुमचे नऊ नियम, तुमच्याच शब्दांत, बैलाच्या चाऱ्यासकट. किसनमिस्त्रींकडे मी स्वतः गेले, त्यांना वाचून दाखवलं. वीज गेल्यावर फ्यूज खिशात, या नियमापाशी त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, याच्याखाली माझं नाव टाक, मी असं केलं नव्हतं हेबी टाक. टाकलं.

दुसऱ्या पानावर माझं आहे. त्यातलं एक वाक्य तुम्हाला आवडलं नसतं: टोप मालकाने द्यायचा, कामगाराने घरून आणायचा नाही. मी ते कापलेलं नाही. तुम्ही असतात तरी कापलं नसतं; आपण भांडलो असतो, आणि या वेळी मी चहा घेऊन भांडले असते. तुमचं पान आधी ठेवलं, कारण हात आज मशीनपाशी आहे, हे तुमचं खरं होतं. माझं पान काढून टाकलं नाही, कारण मीटरवर टोप बारा वर्षं होता, हे माझं खरं आहे.

गेल्या शनिवारी आरामशिनीच्या दाराशी मी पत्रकं वाटत होते. आत मशीन चालू होती. मीटरवर ताडपत्रीचा तुकडा ठोकलेला. राजन्नाने बटण बंद केलं, दांडा थांबेपर्यंत दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला. तो तंबाखू खात नाही. मग मला पाहून दारापर्यंत आला आणि दोन्ही हात माझ्यापुढे पसरले.

"तोम्मिदी," तेलुगूत म्हणाला. नऊ.

आला तेव्हा नऊच होती, मामा. नऊच आहेत.